कडी, कोयंडा आणि काका

सात नंबरची बेल वाजवायला जाताना सोबत काहीतरी वाचायला न्यावं. आधी दारावरच्या भिंगातला उजेड जातो, म्हणजे पलीकडे डोळा येऊन ठेपला. मग "कोण?" विचारलं जातं. इथे "मी" हे उत्तर चालत नाही. नाव सांगायचं, काम सांगायचं, मग आवाज सुरू होतात. वरची खिट्टी खट्. खालची खिट्टी वाकून काढावी लागते, म्हणून तिच्यासोबत एक "आई गं". मधली आडवी कडी सरकते, लॅच दोनदा फिरतं आणि दार चार बोटं उघडतं. चारच, कारण साखळी अजून आहे. त्या फटीतून एक डोळा आणि अर्धी मिशी दिसते. "अरे, तू होय!" असं म्हणून दार पुन्हा तोंडावर बंद होतं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. साखळी काढायची तर दार लावावंच लागतं. यानंतर बाहेरचा सरकता लोखंडी दरवाजा उरतो, आणि त्याला कुलूप. त्याची किल्ली आणायला काका आत जातात. ती दाराजवळच्या खुंटीवर नसते. किल्ली खुंटीवर ठेवणारी माणसं वेगळी. त्यांची नावं पेपरात येतात.

दोन्ही दारं उघडून काका प्रसन्न चेहऱ्याने "बोल!" म्हणतात, तोवर मी कशासाठी आलो होतो ते विसरलेलो असतो.

त्यांना खरं नाव आहे, दाराच्या पाटीवरही आहे. पण कोथरूडच्या आमच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांना ते आवडतं, असा मला दाट संशय आहे. सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या फटी शोधल्या, निवृत्तीनंतर स्वतःच्या दाराच्या शोधायला लागले.

सकाळी चहाबरोबर पेपर आला की काका आधी शहराचं पान उघडतात. घरफोडीची बातमी मराठी पेपरांनी फार पूर्वी एकदाच लिहून ठेवली असावी; रोज फक्त उपनगराचं नाव आणि तोळे बदलतात. बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी रोख रकमेसह अमुक इतका ऐवज लंपास केला. आपण हे वाक्य वाचून पान उलटतो. काका त्याचं निरूपण करतात.

"बंद घराचा. म्हणजे काय? बाहेरून कुलूप दिसत होतं. चोराला कुणी सांगितलं घरात कोणी नाही? कुलपाने सांगितलं! आता पुढे बघ. कडीकोयंडा उचकटून. कुलूप तोडून असं म्हटलंय का? नाही. कुलूप शाबूत आहे. लोक सातशे रुपयांचं कुलूप आणतात आणि लावतात कुठे? वीस रुपयांच्या कोयंड्याला. तो कशावर उभा? अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर. चोर काय कुलपाशी वाद घालत बसणारे? कटावणी घातली, एक हिसका दिला, कोयंडा हातात. कुलूप त्याला लोंबतंय, अगदी इमानदारीत बंद!"

हे मात्र खरं आहे. त्यांच्यामुळे मीही माझ्या दाराचे स्क्रू काढून पाहिले. पुट्टीत रुतवलेले होते, चमच्यानेही निघाले असते. काकांनी आपल्या दाराला आरपार बोल्ट मारून घेतलेत. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत घुमट, पाना धरायला कड नाही. आतल्या बाजूला नट. काम झाल्यावर सुतार म्हणाला होता, "काका, आता दार निघायचं नाही. निघाली तर भिंत निघंल." काकांनी ते प्रशस्तिपत्रक म्हणून घेतलं. भिंतीचा विचार त्यांच्या डोक्यात तिथूनच सुरू झाला, असं काकू म्हणतात.

काकांकडे नियम फार. तुळशीच्या कुंडीखाली किल्ली ठेवायची नाही. चौकटीवर नाही, चपलांच्या कपाटात नाही, मीटरच्या पेटीत तर नाहीच नाही. चोर तिथे हात घालायला शिकूनच धंद्याला लागतो. किल्लीला फ्लॅटचा नंबर बांधायचा नाही. रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडे किल्ली देऊन भाजी आणायला जायचं नाही, समोर उभं राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: उघडं कुलूप कोयंड्याला लोंबकळत ठेवायचं नाही. "दिवसभर कुलूप तिथे लटकतंय. चोर येतो, तुमचं काढतो, तसंच दिसणारं आपलं अडकवतो. रात्री तुम्ही मोठ्या विश्वासाने त्याचं कुलूप दाबून सिनेमाला जाता. तो येतो, स्वतःच्या किल्लीने उघडतो. तोडफोड नाही, आवाज नाही. शेजाऱ्यांना वाटतं, पाहुणे आलेत." हा नियम त्यांनी गच्चीवरच्या कोजागिरीत, वार्षिक सभेत आणि नऊ नंबरच्या मुंजीत सांगितला आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुलपांचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. अर्देशर गोदरेज हे त्यांचं दैवत. चांगली वकिली सोडली आणि १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं करायला बसले. शहरात घरफोड्या वाढल्याची बातमी पेपरात वाचून ते कुलपांकडे वळले, असं सांगतात. काका हे सांगताना आपल्या कात्रणांच्या वहीवर हात ठेवतात. एकच बातमी, एकाने तिचा कारखाना काढला, दुसऱ्याने वही केली.

दुसरी गोष्ट ब्रामाच्या कुलपाची. लंडनमध्ये पिकॅडिलीला जोसेफ ब्रामा या कारागिराच्या दुकानाच्या काचेत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं. किल्लीशिवाय उघडेल त्याला दोनशे गिनी बक्षीस. साठ वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाला हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला, त्याने ते उघडून दाखवलं. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले.

"एकावन्न तास!" काका दोन्ही हात वर करून म्हणतात. "याला म्हणतात कुलूप!"

"सोळा दिवस दाराशी खुटखुट चाललेली," काकू आतून म्हणतात, "आणि शेजारी कोणी साधं विचारलं नाही, काय करताय म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर काकांकडे नाही. मला विचाराल तर घरफोडीविषयी आजवर जे काही बोललं गेलंय, त्यात याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. पण काकू कुलपांच्या विषयात अशिक्षित समजल्या जातात.

आता एवढ्या बंदोबस्तात आहे काय, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. मी त्या घरात पंधरा वर्षं जातोय. एक सोफा आहे, बसलं की कण्हतो. टीव्ही मुलाने अमेरिकेला जाताना ठेवून दिलेला. लोखंडी कपाटात काकांचे जुने ऑडिट रिपोर्ट, तेही कुलपात. सोनं बँकेत. रोकड काकूंच्या डाळीच्या डब्यात, भाजीपुरती. खरं सांगायचं तर काकांच्या घरात काही मोलाचं असेल असं वाटू शकणारा जगात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे चोर. काका त्याची वाट पाहत होते असं मी म्हणणार नाही. पण रोज रात्री सव्वादहाला त्याच्या स्वागताची तयारी मात्र चालायची. प्रत्येक कडी लावायची, तीनदा ओढायची, मोठ्याने "लागली" म्हणायचं. अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटांत प्रश्न येतो, "खालची लावली का गं?" काकू झोपेतच "लावली" म्हणतात. तरी काका उठतात. काकूंचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि त्यांचा काकूंवर आहे, फक्त खालच्या खिट्टीवर कोणाचाच नाही.

सोनं बँकेत आहे म्हटलं, त्याचीही एक कथा आहे. लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक बँकेची, एक आपली. ही रचना काकांना फार आवडायची, कारण बँकेवरही पूर्ण विश्वास टाकावा लागत नाही. आपली किल्ली त्यांनी घरात अशी लपवली की जगात कुणाला सापडू नये. सापडली नाही. भाचीचं लग्न आलं, काकूंना पाटल्या हव्या होत्या. काकांनी आठवडाभर स्वतःच्या घराची अशी झडती घेतली की बघणाऱ्याला पंचनामा करावासा वाटावा. तांदूळ चाळले, उशा उसवल्या, देव्हारा भिंतीपासून पुढे ओढला. शेवटी अर्ज केला, पैसे भरले, आणि बँकेच्या माणसांसमोर लॉकर यंत्राने फोडून घेतला. काकांच्या आयुष्यातली ही एकुलती एक फोड. तीही स्वखर्चाने आणि पावती घेऊन.

किल्ली दिवाळीत सापडली. काकू चकल्या करायला बसल्या आणि सोऱ्यातून चकली येईना.

गावाला जायचं ठरलं की काकांचं खरं वैभव दिसतं. दूध बंद, पेपर बंद. दाराशी साठलेले पेपर म्हणजे चोराला धाडलेलं निमंत्रण. दिवसाढवळ्या जळणारा दिवा पाहून घर रिकामं आहे हे शेंबडं पोरही ओळखतं, म्हणून दिव्याला टायमर. आत रेडिओ चालू, विविध भारतीवर. दाराबाहेर अकरा नंबरचे बूट, जुन्या बाजारातून आणलेले, घरात पैलवान राहतो असं वाटावं म्हणून. घरात माणसं आहेत असं दिसावं म्हणून बाल्कनीतल्या दोरीवर एक बनियन आणि एक टॉवेल. एका मे महिन्यात ते बनियन तिथे अकरा दिवस वाळत होतं. वळवाच्या पावसात दोनदा भिजलं, परत वाळलं. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला मला म्हणाला, "सात नंबरवाले गावाला गेलेत वाटतं. बनियन दिसतंय."

आणि गुप्तता! गावाला जाण्याची बातमी फुटू नये यावर काकांचा कटाक्ष. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अक्षर टाकत नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः प्रत्येक घरी जातात, दार लोटून घेतात आणि हळूच सांगतात, "तेवीस ते तीस आम्ही नाही. कुणाला बोलू नका." अकरा घरं झाली की वॉचमन, मग दूधवाला. एकदा रिक्षावाल्यालाही सांगितलं, कारण तो विश्वासू वाटला.

गेल्या वर्षी काकूंनी शनिशिंगणापूरचा धोशा लावला. काका टाळत होते, आणि का ते आम्हाला समजत होतं. नगरच्या पुढचं ते गाव. तिथल्या घरांना परंपरेने दारंच नाहीत. नुसत्या चौकटी, फार तर कुत्रं शिरू नये म्हणून आडवी लावलेली फळी. कुलूप नाही, कडी नाही. गाव शनिदेव राखतो अशी श्रद्धा. देव स्वतः उघड्या चौथऱ्यावर उभी काळी शिळा, डोक्यावर छप्पर नाही. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली, तिचीही बातमी झाली ती दाराला कुलूप नसल्याची. काकांना हे सगळं माहीत होतं. एखाद्या शाकाहारी माणसाला खाटकांच्या आळीत न्यावं, तसे ते तयार झाले.

पहाटे साडेपाचची गाडी होती. काका साडेतीनला उठले. गॅस, नळ, मेन स्विच, खिट्ट्या, कड्या. आतलं दार ओढलं, लॅच लागलं. सरकता दरवाजा ओढला, कुलूप दाबलं, तीनदा ओढलं. खाली रिक्षा आली. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर काकांना गिझर आठवला. परत वर, कुलूप काढलं, दार उघडलं, गिझर बंदच होता, दार ओढलं. खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "अहो, झोपू द्या की!" म्हणून ओरडलं. काकांनी सरकता दरवाजा ओढला, कुलूप कोयंड्यात अडकवलं आणि खाली धावले.

दाबलं का? हा प्रश्न त्यांना शिक्रापूरच्या आसपास पडला. काकूंनी सवयीने "दाबलं" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

शिंगणापुरात काका एका उघड्या चौकटीसमोर बराच वेळ उभे राहिले म्हणे. आत एक म्हातारी शेंगा निवडत होती. "काही हवंय का?" तिने विचारलं. काका म्हणाले, "नाही, नाही. तुमचं दार..." आणि पुढे त्यांना वाक्य सुचेना. दर्शनाला जाताना त्यांनी चपला पिशवीत घालून काखोटीला मारल्या. काकू म्हणाल्या, "अहो, इथे तरी!" काका म्हणाले, "देव घरं राखतो. चपलांचं कोणी काही म्हटलेलं नाही."

रात्री दहाला परत आले. मी जिन्यात होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सरकता दरवाजा ओढलेला, जसा होता तसा. कोयंडा जागच्या जागी. बोल्ट, घुमट, सगळं शाबूत. आतल्या दाराला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. फक्त कुलूप नव्हतं.

पितळेचं, सात लिव्हरचं, पाऊण किलोचं कुलूप. त्या घरात विकून पैसे येतील अशी एकच वस्तू होती, आणि ती काकांनी दाराबाहेर टांगून ठेवली होती.

काकांना पोलिसांत जायचंच होतं. मी सोबत गेलो. ठाण्यावर हवालदार भला माणूस होता, त्याने चहा सांगितला.

"घरफोडी?"

"हो. म्हणजे... कुलूप गेलं."

"कुलूप तोडलं. आणि आतला ऐवज?"

"तोडलं नाही. नेलं. आतलं काही नाही."

"काही नाही म्हणजे गेलं नाही, की मुळात नव्हतं?"

काका चहाकडे बघत राहिले. मग कलमांवर आले. तिथे त्यांचा हात धरणारा कोणी नाही. जुन्या भारतीय दंड विधानातली ४५४, ४५७, ३८० ही त्यांना पेपर वाचून वाचून पाढ्यासारखी पाठ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आकडे बदलले, तेव्हा काकांनी पंधरा दिवस बसून नवे पाठ केले. घरफोडीला ३३१. राहत्या घरातल्या चोरीला ३०५. त्यांची इच्छा होती की दोन्ही लागावीत.

"काका," हवालदार समजुतीने म्हणाला, "घरफोडीला आत शिरावं लागतं. कायद्यात सहा वाटा दिल्यात शिरायच्या. हा एकाही वाटेने शिरला नाही. ३०५ ला वस्तू घरातली लागते. कुलूप घरात होतं का?"

"घराला होतं."

"घराला होतं, घरात नव्हतं. म्हणजे साधी चोरी. ३०३. किंमत किती?"

"साडेअठराशे."

"पाच हजारांच्या आत. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल परत दिला, तर नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे."

"समाजसेवा?" काकांचा आवाज चढला. "मी पंधरा वर्षं सोसायटीत करतोय, मला कोणी पकडलंही नाही!"

परत येताना ते गप्प होते. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. ज्याच्यासाठी एवढं केलं तो अखेर आला, दारापर्यंत आला, आणि आत काय असेल याची त्याला उत्सुकतासुद्धा वाटली नाही. भंगाराच्या भावाने पितळ तोलून निघून गेला. हे कुठल्याही यजमानाला लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवली. भिंग, कोण, खट्, आई गं, खट्, लॅच, चार बोटं, बंद, साखळी. सरकत्या दरवाजाला दुसरं कुलूप लागलेलं होतं, अलीगढचं, जुनं, आता हुद्द्यावर आलेलं. काका मात्र ताजेतवाने होते. हातात चोरीला गेलेल्या कुलपाची किल्ली होती. जुडग्यातून काढली नव्हती.

"बस," म्हणाले. "रात्रभर विचार केला. कुलूप उघडं होतं, बरोबर? किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. दोन्ही. डुप्लिकेट काकूच्या गळ्यात. म्हणजे त्याच्याकडे काय आहे? नुसतं कुलूप. भंगारात घालेल असं तुला वाटतं ना? मला नाही वाटत. इतकं चांगलं कुलूप हातात आल्यावर कोणीही स्वतःच्या दाराला लावून बघेल. ते दाबलं की बसतं, किल्ली लागत नाही. एकदा दाबलं की संपलं! सात लिव्हर आहेत. फोडायला जाईल तर कोयंडा त्याच्याच घरचा निघेल. बायकापोरं बाहेर, हा बाहेर, दार बंद." काकांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. "येईल. एक ना एक दिवस किल्ली मागायला इथेच येईल."

"आला तर द्याल?"

"ओळखपत्र बघितल्याशिवाय नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पण तो आला तर त्याला दारात किती वेळ उभं करणार? त्याचा चहा टाकून ठेवू का?"